५२४२८७ मूळ संख्या आहे का, हे हाताने तपासताना: माझा अनुभव

दोन रविवारांचं काम होतं, पाच लागले. मधले तीन एकाच जागी गेले आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

५२४२८७ म्हणजे २ चा १९ वा घात वजा १. लुकास-लेहमर कसोटी सांगायला सोपी आहे: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, ५२४२८७ ने भागून बाकी ठेवा. असं १७ वेळा. शेवटी शून्य आलं की संख्या मूळ. १४, १९४, ३७६३४ इथवर भागाकारही लागत नाही. पुढे २१८७६७, मग ५१००६६.

सतराव्या पायरीला माझं शून्य आलं नाही.

ही कसोटी मधे कुठेच चूक दाखवत नाही. एक अंक बिघडला तरी पुढची प्रत्येक बाकी तितकीच खरी दिसते. मी तर दर पायरीला बीजांक (एकच अंक उरेपर्यंत केलेली अंकांची बेरीज) ताडून पाहिला होता. २१८७६७ चा बीजांक ४, म्हणजे वर्गाचा ७ यायला हवा. ४७८५९०००२८९ चा ७ च येतो. सगळे गुणाकार परत केले, हातचे लाल पेनाने लिहिले. सगळं जुळत होतं, फक्त शून्य येत नव्हतं! चौथ्या रविवारी मुलीला म्हटलं, तू नुसते आकडे वाच. सहाव्या पायरीची बाकी तिने पानाच्या तळाशी वाचली, ३८६३४४. मग पान उलटून म्हणाली, "बाबा, इथे तर ३८३६४४ आहे."

उतरवताना ६ आणि ३ ची जागा बदलली होती. अंक तेच, म्हणून बीजांकही तोच. नुसत्या बीजांकावर विसंबू नका. ११ ची कसोटीही लावा: उजवीकडून अंक आळीपाळीने अधिक-उणे करा. ३८६३४४ चे २ येतात, ३८३६४४ चे ८. हा आकडा बाकीशेजारी लिहा आणि पान उलटल्यावर परत काढा.

चूक माझीच आहे याची खात्री कशी होती, ते सांगायचं राहिलं. या संख्येला भाजक असलाच तर त्याला १५२ ने भागून बाकी १ किंवा ३९ उरते. ७२४ च्या पुढे शोधायची गरज नाही, कारण तिथे वर्गमूळ संपतं. अशा मूळ संख्या तीनच: १९१, ४५७, ६४७. बाक्या १८३, १०८, २१७. हे तीन भागाकार आधी करून ठेवा, धीर टिकतो. १५८८ साली कॅटाल्डी या इटालियन गणितज्ञाने ही संख्या मूळ ठरवली तेव्हा हा नियम नव्हता. त्याच्यापुढे ७२४ पर्यंतच्या सगळ्या १२८ मूळ संख्या होत्या. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आणखी एक, ५१००६६ चा वर्ग करू नका. हा आकडा ५२४२८७ पेक्षा १४२२१ ने कमी आहे; १४२२१ चा वर्ग करा, बाकी तीच येते.

उरलेल्या ११ पायऱ्या पाचव्या रविवारी परत केल्या. सोळावी बाकी ५२३२६३ आली, म्हणजे १०२४ कमी. १०२४ चा वर्ग २ चा २० वा घात, त्याची बाकी २. मी वजाबाकी मांडायच्या आधीच मुलगी ओरडली, "शून्य!"