तुम्ही विचारलंत म्हणून: कॉयरमधल्या मुलाला संगीतकार व्हायचंय

चर्चच्या कॉयरमध्ये (गायकवृंदात) गाणारी मुलं आणि त्यांचे पालक हमखास विचारतात, "पुढे संगीतकार किंवा कंडक्टर (हाताच्या इशाऱ्यांनी कॉयर चालवणारा) व्हायचंय, सुरुवात कुठून करायची?" मधल्या आवाजांपासून करा. आल्टो (बायका-मुलांचा खालचा आवाज) किंवा टेनर (पुरुषांचा वरचा आवाज). चाल सोप्रानोकडे, म्हणजे सगळ्यात वरच्या आवाजाकडे, असते, ती कुणालाही पाठ होते. आल्टोला मात्र वर आणि खाली काय चाललंय ते ऐकल्याशिवाय गाताच येत नाही.

गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म १९२७) याच मुशीतले. वडील चर्चचे कॉयरमास्टर. गोव्याच्या पॅरिश शाळांत आधी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून गाणं, आणि मग व्हायोलिन हा क्रम असे. १९४३ मध्ये ते मुंबईत संगीतकार नौशाद यांच्याकडे व्हायोलिन वाजवू लागले. १९५८ मध्ये सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांच्या इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्राने रागांवर बेतलेल्या रचना वाजवल्या; गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे होते. लोकांना ते माहीत आहेत ते मात्र सिनेमाच्या गाण्यातल्या नावामुळे. असो.

रागातल्या भजनाला चार आवाज देऊन पाहा, खरी परीक्षा तिथेच आहे. समजा चाल भूप रागाची आहे. त्यात म आणि नी नाहीत, त्यामुळे तीन स्वरांच्या पूर्ण कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) दोनच मिळतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. नवखा माणूस इथे म किंवा नी घुसडतो आणि भूप गेलाच म्हणून समजा. दुसरी चूक पहिल्या कॉर्डवरून दुसऱ्या कॉर्डवर जाताना होते. बास (सगळ्यात खालचा आवाज) सा वरून ध वर उतरतो, त्याच वेळी वरचा प ग वर उतरतो, आणि दोन्हीकडे तेच पंचमाचं (सा ते प एवढं) अंतर राहतं. दोन आवाज एकमेकांत विरघळतात, चाराचे तीन ऐकू येतात. म्हणून सा आणि ग जागेवर ठेवा आणि प ला वर ध वर न्या. शेवटी नी नसल्याने बासला खालचा प द्या, वर रे ठेवा, मग सा वर या. तेवढं पुरतं.

रोजचा रियाज: आठ मात्रांचा तुकडा घ्या, तीन आवाज कीबोर्डवर वाजवा आणि चौथा गा. चारही आवाज आळीपाळीने. बहुतेकांचं घोडं टेनरवर अडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

कंडक्टरचे हात नंतर. वेग ठरतो तो पहिल्या ठोक्याच्या आधीच्या श्वासात; तो श्वास आळसावला की अख्खा कॉयर आळसावतो. दादऱ्यात सहा मात्रा सहा ठोक्यांनी दाखवू नका, दोनच द्या, नाहीतर गाणं रेंगाळतं.

टेनर नेहमीच कमी पडतात. वीस जणांत दोनच असतील तर चार आवाजांचा हट्ट सोडा आणि सोप्रानो, आल्टो, पुरुष असे तीनच लिहा. बास गाणाऱ्याकडून टेनर गाऊन घेतलात तर वरच्या स्वरांवर तो ओरडतो.

साथीशिवाय गाताना सूर उतरतो, बहुतेक वेळा तोच स्वर पुन्हा पुन्हा येतो तिथे किंवा चाल पायरीपायरीने खाली येते तिथे, कारण श्वासाचा आधार सुटतो. तालमीत ते तुकडे अर्धा स्वर वर घेऊन, ओठ मिटून गुणगुणायला लावा. आणि तीन कडवी साथीशिवाय गाऊन चौथ्याला ऑर्गन आणायचा मोह टाळा. उतरलेला सूर तिथेच उघडा पडतो.