तुम्ही विचारलंत म्हणून : शहरातली शिल्पं कधी आणि कशी बघावीत?

‘मोठ्या शहरात दोन दिवस आहोत, तिथली कोणती शिल्पं बघावीत?’ असं अनेक जण विचारतात. यादी कुठेही मिळते. उघड्यावरच्या शिल्पाबाबत खरा प्रश्न ‘कोणतं’ यापेक्षा ‘किती वाजता’ हा असतो. संग्रहालयातले दिवे शिल्प पाहून लावलेले असतात, चौकात मात्र उन्हाच्या सोयीने आपणच जायचं.

निघण्याआधी नकाशातलं उपग्रहदृश्य उघडा आणि पुतळ्याचं तोंड कुठे आहे ते बघा. पूर्वेकडे असेल तर सकाळ, पश्चिमेकडे असेल तर दुपार कलल्यावर. ऊन थेट समोरून नको, थोडं बाजूने हवं. तरच गालाची हाडं आणि कपड्याच्या चुण्या उठून दिसतात. भर दुपारी डोळ्यांच्या जागी नुसत्या काळ्या खोबणी उरतात. कर्कवृत्ताच्या उत्तरेकडच्या शहरांत उत्तराभिमुख पुतळ्याच्या चेहऱ्यावर दुपारी ऊन येतच नाही. मागे उजळ आकाश, पुढे काळा चेहरा. अशा पुतळ्यासाठी ढगाळ दिवस राखून ठेवा.

चकचकीत स्टीलचं गणित वेगळं. शिकागोतलं शिल्पकार अनिश कपूर यांचं घेवड्याच्या दाण्यासारखं भलंमोठं ‘क्लाउड गेट’ हे 168 पत्रे जोडून, सांधे घासून नाहीसे करून घडवलेलं आहे. तिथे बघायचं ते प्रतिबिंब, त्यामुळे गर्दी नसलेली सकाळ बरी. त्याच्या कमानीसारख्या पोटाखाली जाऊन वर न बघता परतणं म्हणजे अर्धंच बघणं.

आता अंतर. चौथऱ्यासकट जेवढी उंची, तेवढ्याच अंतरावर उभं राहिलात तर मान जवळजवळ 45 अंशांत वर करावी लागते. हनुवटी मोठी आणि कपाळ गायब. दुपटीवर संपूर्ण शिल्प नीट दिसतं, तिपटीवर ते आजूबाजूच्या इमारतींसह दिसतं. 8 मीटर उंचीसाठी 16 मीटर, म्हणजे साधारण 21 पावलं. आधी तिथून बघा, मग एक पूर्ण फेरी मारा आणि जवळ सगळ्यात शेवटी जा. फोटोतही हीच चूक होते : जवळून रुंद लेन्सने काढला की बूट प्रचंड आणि डोकं लिंबाएवढं. मागे सरून दुप्पट झूम करा.

जवळ गेल्यावर चेहरा सोडून पृष्ठभाग वाचा. ब्राँझवर फिकट हिरवे ओघळ दिसतात ते पावसाचे मार्ग. हवेतल्या गंधकाच्या आम्लाने तांब्याचे हिरवे क्षार बनतात. पाऊस जिथे पोचत नाही तिथे, म्हणजे काखेत, टोपीच्या कडेखाली, काळी काजळी साचून राहते. या पट्ट्यांना लोक शिल्पकाराचं रंगकाम समजतात, पण ती देखभाल नसल्याची खूण असते. नियमित मेण लावलेलं ब्राँझ सहसा एकसारखं तपकिरी राहतं. नाक किंवा बुटाचं टोक सोनेरी असेल तर ते हात लावणाऱ्यांचं काम. छोटे चौकोनी किंवा गोल ठिगळ दिसलं तर बहुधा ओतकामात आतला गाभा धरून ठेवणाऱ्या खिळ्यांची भोकं बुजवलेली असतात. शिल्पकाराची सही आणि फाउंड्रीचा, म्हणजे ओतकाम करणाऱ्या कारखान्याचा शिक्का पायांजवळच्या पट्टीवर, बहुतेकदा मागच्या कडेला शोधा.

घोडेस्वाराच्या घोड्याचे किती पाय वर यावरून स्वाराला मरण कसं आलं ते कळतं, हे ऐकलं असेल. तो नियम खरा नाही. पाय ठरतात ते बऱ्याचदा वजनामुळे. माद्रिदमधला स्पेनच्या राजाचा, फिलिप चौथ्याचा, 1640 सालचा घोडा मागच्या पायांवर उभा आहे, म्हणून त्याचा मागचा भाग भरीव आणि पुढचा पोकळ ओतलेला आहे. सेंट पीटर्सबर्गमधल्या 1782 सालच्या रशियाच्या सम्राट पीटरच्या घोड्याची शेपटी पायाखालच्या सापाला टेकते. तो साप रूपक आहेच, शिवाय तिसरा टेकूही आहे. असा टेकू शोधण्यात जी मजा आहे ती पाटी वाचण्यात नाही.

पाटी वाचा, पण वर्ष जपून धरा : ते ओतल्याचं, बसवल्याचं की अनावरणाचं हे लिहिलेलंच असतं असं नाही. शिवाय समोरचं शिल्प मूळ आहे का? फ्लॉरेन्सच्या चौकातला मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ ही 1910 साली बसवलेली प्रतिकृती आहे. मूळ शिल्प 1873 सालीच आत हलवलं गेलं.

अर्ध्या दिवसात पाच-सहा शिल्पं पुरेत, तीही चालत जाण्याच्या टप्प्यातली. वाहतूक बेटावरचं शिल्प रविवारी पहाटे गाठा, एरवी तिथवर पोचणंच धोक्याचं. जाण्याआधी अलीकडचे फोटो तपासा : रस्त्याच्या कामासाठी पुतळे हलवतात, दुरुस्तीसाठी महिनोन्‌महिने झाकून ठेवतात.

रात्रीचे दिवे बहुतेकदा खालून मारलेले असतात. शिल्पकाराने वरून येणारा उजेड धरून कोरलेल्या सावल्या मग उलट्या पडतात. नाकपुड्या उजळतात, डोळे विझतात. म्हणून पहिली भेट रात्रीची नको.