मेंढरांच्या गावात पिल्लू

आमच्या हॅमिल्टनमध्ये ऑगस्ट म्हणजे कोकरांचा महिना. पहाटे गवतावर दहिवर गोठून पांढरं झालेलं असतं, धुराड्यांतून लाकडाचा धूर निघत असतो, आणि गाडी गावाबाहेर काढली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना मेंढ्या अन् त्यांच्या पायांत लुडबुडणारी कोकरं. व्हिक्टोरिया राज्यात, मेलबर्नपासून पश्चिमेला जवळपास तीनशे किलोमीटरवर हे गाव आहे. वस्ती दहा हजारांच्या आसपास. एके काळी स्वतःला जगाची लोकरीची राजधानी म्हणवून घ्यायचं. आता तो तोरा राहिला नाही, पण बेकरीच्या रांगेत लोकरीचा भाव आणि पाऊस हेच दोन विषय अजून चालतात.

यंदा याच दिवसांत आमच्याकडे कुत्र्याचं पिल्लू आलं, चिंगी. आणि तिचा सख्खा भाऊ रस्टी आमच्या शेजारीणबाईंकडे.

माझ्या नवऱ्याबरोबर हॉस्पिटलात काम करणाऱ्या एका नर्सचं कोलरेन गावाजवळ मेंढ्यांचं फार्म आहे. त्यांच्या केल्पी जातीच्या कुत्रीने शेजारच्या फार्मवरच्या बॉर्डर कोली जातीच्या कुत्र्याशी परस्पर सोयरीक जमवली आणि सात पिल्लं पदरात टाकली. 'घेता का एखादं?' असं विचारणं झालं. आमची पोरं एकावर थांबणार थोडीच! दोघांना दोन हवी होती. पण व्हेटने सांगितलं की एका वेतातली दोन पिल्लं एका घरात वाढवायच्या भानगडीत पडू नका, ती एकमेकांतच रमतात आणि माणसाचं ऐकेनाशी होतात. मग शेजारीणबाई म्हणाल्या, 'दुसरा मला दे.' पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाई, सगळा जन्म मेंढ्यांत गेलेला, फार्म मुलाच्या ताब्यात देऊन गावात राहायला आलेल्या. त्यांना पिल्लू झेपेल का, हा प्रश्न मला पडला होता. आता त्याच मला सांगतात, कधी दटावायचं आणि कधी दुर्लक्ष करायचं ते.

पिल्लं फुकट मिळाली, पण कागदपत्रं सुटली नाहीत. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही, आणि विकत असो की फुकट, कातडीखाली मायक्रोचिप बसवल्याशिवाय द्यायचं नाही. तीन महिन्यांचं झालं की नगरपालिकेत नोंदणी, ती दरवर्षी 10 एप्रिलपर्यंत नव्याने करायची. ऑपरेशन केलेल्या कुत्र्याला शुल्क कमी, फार्मवर राबणाऱ्यालाही कमी. गळ्यात बिल्ला.

मी फलटण तालुक्यातल्या गावची. आमच्या आळीत कुत्री होती, पण ती कुणा एकाची नव्हती. मोत्या चार घरची भाकरी खायचा, पाचव्या घराच्या ओट्यावर झोपायचा आणि सहाव्या घरच्या पाहुण्यावर भुंकायचा. त्याची नोंद कुठे नव्हती, पण तो नाही असं कधी झालं नाही. त्यामुळे चिंगीचा पहिला फॉर्म भरताना मला हसूच येत होतं. एवढ्याशा जिवाचा पत्ता, फोन नंबर, मालक कोण, रंग कोणता!

हसू गेलं ते कुंपणाचा विषय निघाल्यावर. शेजारीणबाई एका सकाळी गमबूट घालून आमच्या परसात आल्या आणि पत्र्याच्या खालच्या कडेने हात फिरवत गेल्या. जिथे मूठ आत गेली तिथे एकेक वीट ठेवली. मागच्या कोपऱ्यात पाण्याचा नळ आहे, तिथली माती भुसभुशीत. तिथे त्यांनी चक्क जाळी आडवी पुरायला लावली, म्हणजे उकरलं तरी पंजा जाळीवर अडेल. मग म्हणाल्या, 'इथे कुत्रं रात्री सुटलं की त्याला मेंढ्यांकडे जायला वीस मिनिटं पुरतात. आणि मेंढ्यांत सापडलं तर मालक बंदूक काढतो. माझ्या नवऱ्यानेही काढली होती.'

हे कायद्याला धरून आहे. आपल्या जनावरांच्या आवारात मोकळं सापडलेलं कुत्रं मारण्याची मुभा शेतकऱ्याला 1994 च्या इथल्या पाळीव प्राण्यांच्या कायद्याने दिली आहे. दोन घरची लाडकी कुत्री एका रात्री खेळता खेळता कळपात घुसली, तर सकाळी फाटलेल्या, चिरडलेल्या मेंढ्या गोळा कराव्या लागतात. गाभण मेंढ्या नुसत्या पळवल्या तरी गाभडतात. ऑगस्टात कुणाच्याच मनात त्याबद्दल दयामाया नसते. ऐकून माझ्या पोटात गोळा आला खरा, पण मग वाटलं, निदान इथे सगळं स्पष्ट आहे. कुत्रा तुझा, तर कुंपणही तुझं आणि शेजाऱ्याची मेंढीही तुझ्या जबाबदारीवर. आमच्या आळीत मोत्यावर प्रेम सगळ्यांचं होतं. तो आजारी पडला तेव्हा औषधाला मात्र कुणीच नव्हतं.

केल्पी ही जात याच मुलखातली. इथून तासाभराच्या आत कॅस्टरटन लागतं. त्या गावाजवळच्या वॉरॉक नावाच्या जुन्या फार्मवर 1870 च्या सुमारास एक पिल्लू जन्मलं आणि जॅक ग्लीसन नावाच्या मेंढ्या वळणाऱ्या तरुणाने म्हणे त्याच्या बदल्यात आपला घोडा दिला. तीच पहिली केल्पी, असं कॅस्टरटनकर सांगतात. घोड्याची गोष्ट किती खरी ते ग्लेनेल्ग नदीलाच ठाऊक, पण गावाने ती नीट सांभाळली आहे. दर जूनमध्ये तिथे केल्पींची जत्रा भरते: उंच उडी, शर्यत, टेकडी चढणं आणि शेवटी कामाच्या कुत्र्यांचा लिलाव. 2021 मध्ये हूवर नावाचा केल्पी तिथे 35,200 डॉलरला गेला. हे ऐकून माझे वडील फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, 'तेवढ्यात खिलारी बैलांच्या किती जोड्या आल्या असत्या?'

वडिलांना मेंढरांची कुत्री नवी नाहीत. पावसाळा सरला की आमच्या रानात धनगरांचा तळ पडायचा. खतासाठी मेंढरं बसवायची, वाघरीत कळप आणि भोवती कुत्री. पण ती राखणीची कुत्री. लांडगा आला तर भिडायचं, एरवी मेंढराला तोंड लावायचं नाही. केल्पीचं काम वेगळं: ती मेंढ्या वळते, अडवते, अरुंद वाड्यात दाटी झाली तर सरळ त्यांच्या पाठींवरून धावत पुढे जाते. आपल्या धनगरी कुत्र्याशी नातं सांगावं असं इथे कुणी असेल तर ते मरेमा, इटलीहून आलेलं पांढरं, धिप्पाड कुत्रं. दक्षिणेला समुद्रकाठी वॉर्नाम्बूलला मिडल आयलंड म्हणून एक चिमुकलं बेट आहे. ओहोटीला कोल्हे तिथे चालत जायचे आणि छोटे पेंग्विन फस्त करायचे. 2005 मध्ये दहासुद्धा पेंग्विन उरले नव्हते. दुसऱ्या वर्षी तिथे मरेमा राखणीला बसवली, आणि पेंग्विन पुन्हा वाढले. कोंबड्या राखणाऱ्या कुत्र्याला पेंग्विन म्हणजे जरा उभट कोंबड्याच वाटल्या असतील!

आईचं टेन्शन निराळं. 'रेबीजचं इंजेक्शन दिलंस का तिला?' दिलं नाही, कारण ऑस्ट्रेलियात कुत्र्यांत रेबीज नाहीच. वटवाघळांत त्याचा भाऊबंद विषाणू आहे, म्हणून पडलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही एवढं शाळेत बजावतात. पोटात चौदा इंजेक्शनं घेतलेल्या काकांच्या आठवणीवर वाढलेल्या आईला हे पटायला वेळ लागला. पण म्हणूनच इथे बाहेरच्या कुत्र्यांना इतकी कडक बंदी आहे. भारतातून थेट कुत्रं आणताच येत नाही. 2015 मध्ये हॉलिवूडचा नट जॉनी डेपची दोन छोटी कुत्री परवान्याविना आली, तर सरकारने परत न्या नाहीतर मारू असा दम भरला होता. मोत्याच्या वंशातलं कुणी आणायचा माझा बेत तिथेच संपला.

पिल्लांना खरी भीती पार्व्हो या जीवघेण्या विषाणूची. लशींचे सगळे डोस होईपर्यंत सार्वजनिक जागेत जमिनीवर ठेवायचं नाही, पण माणसं, आवाज, गाड्या तर दाखवायच्या असतात. मग मी आईच्या जुन्या इरकली साडीची झोळी छातीशी बांधून चिंगीला ग्रे स्ट्रीटवर फिरवलं. दहा मिनिटांच्या रस्त्याला तास लागायला लागला. पोस्टातल्या बाई काउंटर सोडून बाहेर आल्या. खाटकाने तिला कच्चं हाड देऊ केलं आणि वर दोन सूचना दिल्या: शिजवलेलं हाड कधी द्यायचं नाही, त्याचे टोकदार तुकडे होतात; आणि मेंढीचं कच्चं काळीज-फुप्फुस तर नाहीच, त्यातून कुत्र्याला फीतकृमी आणि कुत्र्यापासून माणसाला हायडॅटिडच्या गाठी होतात. शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर सगळे नेहमीसारखे गाड्या सीमारेषेला नाक लावून उभ्या करून बसले होते. गोल झाला की तमाम गाड्यांचे हॉर्न वाजतात. पहिल्या गोलला चिंगी माझ्या जॅकेटमध्ये शिरली, चौथ्याला तिने मान बाहेर काढून स्वतःच भुंकून घेतलं.

घरात सगळ्यात जास्त बदललं ते स्वयंपाकघर. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट: सगळं कुत्र्याला विष. कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात. म्हणजे आपल्या रश्शातला, पोह्यातला, उपम्यातला एकही घास नाही! 'थोडंसं दे गं, बघतेय बिचारी,' असं व्हिडिओ कॉलवर आई म्हणते, आणि धाकटा तिला कांद्यावर व्याख्यान देतो. साधा वरणाशिवायचा भात तेवढा चालतो.

आता उन्हाळा लागलाय. रोज संध्याकाळी पंजे आणि कान उघडून गवताची टोचकी कुसळं काढायची, कारण ती कातडीत शिरून आत आत सरकत जातात. तळ्याकाठी उंच गवतात दोरी सोडायची नाही, तिथे टायगर स्नेक नावाचे विषारी साप असतात.

गेल्या रविवारी दोन्ही भावंडांना कोलरेनला नेलं होतं. रस्टीने मेंढ्यांकडे एकदा पाहिलं आणि शेजारीणबाईंच्या बुटांवर आडवा झाला. चिंगी मात्र जमिनीशी पोट लावून, नजर न हलवता अर्धवर्तुळ काढत तीन मेंढ्यांच्या मागे गेली आणि त्यांना गेटापाशी आणून उभी राहिली. तिला कुणी काही शिकवलेलं नव्हतं. नर्सचा नवरा तिच्याकडे बघत म्हणाला, 'ही गावात वाया जाईल. आठवड्यातून दोन दिवस इकडे पाठवा.' लेकीने गाडीतच अट घातली: दिवसा जाऊ दे, रात्री घरीच पाहिजे. तो दिवसाला अर्धा शेकडा अंडी देतो म्हणालाय. तिने अजून होकार दिलेला नाही. एक कोकरूही मागायचं तिच्या मनात आहे.