अँटिबायोटिकच्या आधी सॅम्पल द्या हो

मी इंदूरमधल्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीचं काम करते. म्हणजे पेशंटची लघवी, रक्त, थुंकी, नाहीतर व्हेंटिलेटरच्या नळीतला कफ आला की त्यात कुठला जंतू वाढतोय आणि तो कुठल्या औषधाला दाद देतोय ते बघायचं. रिपोर्टमध्ये औषधापुढे एस असेल तर औषध लागू, आर असेल तर नाही. आणि आयसीयूमधून येणाऱ्या सॅम्पलच्या रिपोर्टवर हल्ली आर, आर, आर अशी रांग बघून खरंच पोटात गोळा येतो.

प्लेटवर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. जंतू पसरवलेल्या जेलीवर आम्ही औषधाच्या बारीक चकत्या ठेवतो, रात्रभर इन्क्युबेटरमध्ये, आणि सकाळी ज्या चकतीभोवती पुरेसा मोठा स्वच्छ गोल दिसेल ते औषध चालतं. क्लेबसिएला नावाच्या जंतूच्या काही प्लेटांवर एकाही चकतीला गोल पडलेला नसतो, मेरोपेनेमच्या चकतीलासुद्धा चिकटून जंतूंचा थर. मेरोपेनेम म्हणजे आयसीयूतलं भारी इंजेक्शन, आणि ते फोडून टाकणारं एन्झाइम या जंतूकडे असतं. त्यातलं एक, एनडीएम-१, 2008 साली स्वीडनमधल्या एका पेशंटमध्ये सापडलं, जो आधी दिल्लीत अ‍ॅडमिट होता. त्याचा जीन प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूतल्या डीएनएच्या छोट्या सुट्या कड्यावर, बसलेला असतो आणि परीक्षेत मागच्या बाकावर कॉपीची चिठ्ठी सरकवावी तसा एक जंतू तो दुसऱ्याला देऊन टाकतो, दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी. म्हणून क्लेबसिएलाकडचा जीन उद्या आतड्यात राहणाऱ्या साध्या ई. कोलाय जंतूमध्ये दिसतो.

मग उरतं कॉलिस्टिन. लोकांना वाटतं शेवटचं औषध म्हणजे काहीतरी नवीन, महागडं, बाहेरून मागवलेलं. तसं काही नाही, 1940 च्या दशकात सापडलेलं औषध आहे हे, किडनीला त्रास देतं म्हणून बाजूला ठेवलं होतं, आणि आता दुसरं काही लागू पडेना म्हणून परत काढलंय. हेच औषध कोंबड्यांच्या खाद्यातही मिसळायचे, 2019 मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली. आणि याची टेस्ट चकतीने धड होत नाही कारण ते जेलीत नीट पसरतच नाही, वेगळ्या पद्धतीने करावी लागते. म्हणून आमच्याकडून उशीर झाला की चिडू नका, प्लीज.

आमच्या शेजारच्या काकू साध्या सर्दीलाही म्हणतात, "अगं, डॉक्टरांना जरा स्ट्राँग लिहायला सांग ना." सर्दी व्हायरसची, अँटिबायोटिक त्याचं काहीच करत नाही, पण पोटातल्या चांगल्या जंतूंना मारतं आणि जे रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारे, ते मागे राहून वाढतात. अशी माणसं पुढे ऑपरेशनला अ‍ॅडमिट होतात तेव्हा ते जंतू घेऊनच आत जातात, हॉस्पिटलचे जंतू काही सगळे हॉस्पिटलात जन्मलेले नसतात. 2014 पासून सेफिक्झिमसारखी अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दुकानदाराने पेशंटचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं असा नियम आहे. तरी "भिया, बुखार की दो गोली दे दो" म्हटलं की पुडीत काय काय येतं ते तुम्हाला माहीत आहेच.

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं मात्र सॅम्पलबद्दल आहे. दोन दिवस इंजेक्शनं चालू, फरक नाही, मग कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघायला सॅम्पल, पाठवतात. तोवर औषधाने जंतू अर्धमेले झालेले असतात, प्लेटवर काही वाढत नाही, रिपोर्ट येतो "नो ग्रोथ" आणि घरचे खूश होतात की इन्फेक्शनच नाही! तसं नसतं हो. सेप्सिससारखं (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी व्हायला लागणं) गंभीर असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट बघूच शकत नाहीत, पहिला डोस लगेच गेलाच पाहिजे, पण त्याआधी रक्त काढायला पाच-दहा मिनिटं लागतात, आणि तेवढं तुम्ही नक्की विचारू शकता की सर, कल्चर पाठवलं का? दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट आला की तो बघून औषध बदललं का, हेही विचारा. कधीकधी साधं जुनं औषधही एस निघतं आणि भारीवालं बंद करता येतं.

आणि आयसीयूत भेटायला जाल तेव्हा हात धुऊन जा, बाहेर पडतानाही धुवा. असिनेटोबॅक्टर नावाचा जंतू पलंगाच्या कोरड्या दांड्यावर कित्येक दिवस, कधी आठवडेसुद्धा जिवंत राहतो. 2017 पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत पहिल्या नंबरवर राहिलेलं आपलं शहर, ओला-सुका कचरा वेगळा करायला लहान पोरंसुद्धा शिकली, मग हे का नाही जमणार?

सॅम्पल देताना: लघवी सुरुवातीची सोडून मधली घ्या, दोन तासांत लॅबला पोचवा, जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. ब्लड कल्चरच्या बाटल्या मात्र फ्रिजमध्ये अजिबात नाही. आणि "एवढं रक्त कशाला" म्हणून सिस्टरशी भांडू नका, मोठ्या माणसाचं प्रत्येक बाटलीत आठ-दहा मिली लागतंच, कमी घेतलं तर असलेला जंतूही हाती लागत नाही.