फोटो टीव्हीने मागून न्यायचा असतो : माझ्या फोटो-प्रणालीतील कास्टिंगची नोंद

घरातील सुमारे ४८ हजार छायाचित्रे सांभाळण्यासाठी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि पडद्यावरच्या खिडक्या-बटणे बनवणारे क्यूटी वापरून मी जी छोटी प्रणाली लिहीत आलो आहे, तिच्यात अल्बम, शोध आणि दुबार फोटो हुडकणे एवढे जमल्यावर घरच्यांची एकच मागणी उरली होती. फोटो दिवाणखान्यातील टीव्हीवर दिसले पाहिजेत, आणि त्यासाठी दर वेळी पेनड्राइव्ह भरून टीव्हीच्या मागे हात घालावा लागू नये. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी घराबाहेर पडण्याचा प्रश्नच नसतो, त्यामुळे गेल्या तीन आठवड्यांतील दुपारी या कामी लागल्या.

वाय-फाय अलायन्सने २०१२ मध्ये आणलेले मिराकास्ट मी आरंभीच बाजूला ठेवले, कारण त्यात संगणकाचा अख्खा पडदा व्हिडिओच्या रूपात टीव्हीकडे जातो. स्थिर छायाचित्रासाठी सतत व्हिडिओ तयार करत राहणे मला पटले नाही, शिवाय फोटो चालू असेपर्यंत संगणकावर दुसरे काही खासगी काम करता येत नाही. उरले दोन मार्ग : टीव्हीला जोडायच्या क्रोमकास्टसारख्या उपकरणांचा गूगल कास्ट, आणि बहुतेक स्मार्ट टीव्हींमध्ये आधीपासून असलेला डीएलएनए हा, घरच्या जाळ्यावरून फोटो-व्हिडिओ दाखवण्याचा प्रमाणित मार्ग. सुरुवात पहिल्यापासून केली, कारण कास्टशी बोलणारी पायक्रोमकास्ट ही लायब्ररी (तयार कोडचा संच) हाताशी होती.

कास्टचा संवाद तसा सरळ आहे. उपकरण एमडीएनएस या शोधपद्धतीने, म्हणजे जाळ्यातील अनेकांना एकदम ऐकू जाणाऱ्या २२४.०.०.२५१ या मल्टिकास्ट पत्त्यावर आणि ५३५३ या पोर्टवर (पत्त्याच्या क्रमांकित दारावर), आपले अस्तित्व जाहीर करते; आपण त्याच्या ८००९ पोर्टवर टीएलएस, म्हणजे कूटबद्ध, जोडणी करतो, तेथे डिफॉल्ट मीडिया रिसीव्हर हे फोटो-व्हिडिओ दाखवणारे तयार अ‍ॅप सुरू करायला सांगतो आणि मग ‘लोड’ हा संदेश पाठवतो. या संदेशात फोटोचे बाइट कोठे भरायचे, हे शोधण्यात माझी एक संपूर्ण दुपार गेली. ते कोठेच भरायचे नसतात. संदेशात फक्त फोटोचा वेबपत्ता आणि त्याचा प्रकार असतो; तो पत्ता घेऊन उपकरण स्वतः फोटो आणायला निघते. म्हणजे माझ्या प्रणालीने पाठवणारा नव्हे, तर मागेल त्याला देणारा छोटा एचटीटीपी (वेब) सर्व्हर व्हायला हवे होते. पुढच्या जवळपास प्रत्येक अडचणीचे मूळ हेच निघाले की लिहिताना ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा विसरत होतो.

पहिला फटका पत्त्याचाच बसला. संदेश पोहोचत होता, टीव्हीवर रिसीव्हर उघडत होता, पण फोटो येत नव्हता. नोंदी तपासल्यावर दिसले की माझी प्रणाली स्वतःचा पत्ता १७२.१७.०.१ असा सांगत होती. तो डॉकरच्या, म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आभासी जाळ्याचा पत्ता. त्याला संगणकाबाहेर काही अर्थ नाही. संगणकाच्या नावाने पत्ता देऊन पाहिला, तर ते नाव उपकरणाला उमगत नव्हते. शेवटी टीव्हीच्या पत्त्याकडे यूडीपी सॉकेट (पोच न मागणाऱ्या संदेशांसाठीचे जोडणीचे टोक) ‘कनेक्ट’ करून त्या सॉकेटला स्थानिक बाजूने कोणता पत्ता मिळाला, हे विचारण्याची युक्ती वापरली. यूडीपीमध्ये ‘कनेक्ट’ केल्याने एकही पॅकेट (माहितीचा तुकडा) बाहेर जात नाही, पण त्या टीव्हीपर्यंत जाताना आपला कोणता चेहरा दिसेल, ते कार्यप्रणाली नेमके सांगते. फायरवॉलमध्ये सर्व्हरचे पोर्ट उघडणे हे ओघाने आलेच, आणि तेही मी दुसऱ्या दिवशीच केले.

दुसरी अडचण अस्सल आपल्या गावची आहे. उपकरणांची यादी कधी पूर्ण येई, कधी रिकामी. त्याच वेळी मोबाइलवरचे व्हिडिओ मात्र विनातक्रार चालत. आमच्याकडे फायबरची तार ज्या खिडकीतून आत येते, तिच्याच कोनाड्यात राउटर आहे, आणि एप्रिलमध्ये त्याच खिडकीला पत्र्याचा कूलर बसतो. लोखंडी पत्रा आणि त्याआड पाण्याने निथळणाऱ्या ताट्या, म्हणजे वाय-फायच्या वाटेत भिंतच. पण मग व्हिडिओ कसे चालतात? वाय-फायवर एका उपकरणासाठी पाठवलेल्या पॅकेटची पोच मिळते, आणि पोच न आल्यास ते पुन्हा पाठवले जाते. मल्टिकास्ट पॅकेटला अशी पोच नसते, त्यामुळे ते हरवले की हरवलेच. क्षीण सिग्नलचा मार म्हणून शोधावरच पडत होता. राउटर आता कपाटावर हलवला आहे आणि एकदा सापडलेल्या उपकरणाचा पत्ता मी एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये जपून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी आधी थेट तेथे जोडणी करून पाहता येते. तेवढ्यावर भागत नसेल, तर आपल्या राउटरमध्ये वाय-फायवरील उपकरणांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारी सोय चालू नाही ना, हेही पाहावे. पाहुण्यांसाठीच्या जाळ्यात ती बहुधा चालूच असते.

फोटो दिसू लागल्यावर इतवारीहून, म्हणजे शहराच्या जुन्या भागातून, आलेल्या आजीला मी मारबतीच्या (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या मोठ्या पुतळ्यांच्या) मिरवणुकीचा अल्बम लावून दिला. दोन-तीन फोटो होताच तिने विचारले, "पिवळी मारबत आडवी काऊन झोपून राहिली रे?" मोबाइल उभा धरून काढलेले सगळे फोटो आडवे दिसत होते. फोटो उभा की आडवा, हे कॅमेरा पिक्सेल फिरवून नव्हे, तर एक्झिफमधील, म्हणजे फोटोच्या फाइलीतच दडलेल्या माहितीतील, ‘ओरिएंटेशन’ या १ ते ८ मूल्यांच्या खुणेत लिहून ठेवतो. मारबतीच्या फोटोंत ते मूल्य ६ होते, म्हणजे ‘दाखवताना उजवीकडे पाव फेरा फिरवा’. माझी प्रणाली संगणकाच्या पडद्यावर ही खूण वाचत होती, मात्र टीव्हीसाठी फोटो लहान करताना एक्झिफ गळून जात होते आणि पिक्सेल होते तसेच आडवे राहत होते. पिलो या लायब्ररीतील ‘एक्झिफ ट्रान्सपोज’ हे फंक्शन आकार बदलण्याआधी चालवल्यावर मारबत उभी राहिली. त्याच टप्प्यावर आयफोनचे एचईआयसी फोटो जेपेगमध्ये बदलणे आणि रंग एसआरजीबी या पडद्यांच्या सर्वसाधारण रंगमापात आणणे ही कामेही उरकून घेतली, कारण डिफॉल्ट रिसीव्हरला एचईआयसी समजत नाही.

येथवर आल्यावर एक मर्यादा मान्य करावी लागली. गूगलच्या दस्तऐवजातच कास्टवरील चित्रांसाठी १२८० गुणिले ७२० पिक्सेलची सीमा दिली आहे, आणि त्याहून मोठे चित्र उपकरण लहान करून दाखवते. फोर-के टीव्हीवर फुटाळा तलावाच्या काठची गर्दी चालून जाते, पण रामटेकच्या मंदिरांवरील कोरीव काम मऊ पडते आणि ते माझ्या डोळ्यांना खुपते. पाच डॉलर भरून विकासक म्हणून नोंदणी करावी आणि स्वतःचा रिसीव्हर लिहावा, असा विचार मनात आला होता. परंतु तो रिसीव्हर वेबवर कायम चालू ठेवावा लागला असता, आणि घरातला फोटो घरातल्या टीव्हीवर पाहण्यासाठी बाहेरच्या सर्व्हरवर विसंबणे मला रुचत नाही. म्हणून बारीक तपशिलाचे फोटो डीएलएनएकडे सोपवायचे ठरवले.

मध्यंतरी सर्व्हरची थोडी शिस्त लावली. फोटो सुधारूनही टीव्हीवर जुनाच दिसे, कारण पत्ता तोच राहिल्याने साठवलेली प्रत दाखवली जात होती. आता फाइलच्या मजकुरावरून काढलेला हॅश (ठशासारखा संकेतांक) पत्त्यातच असतो, त्यामुळे फोटो बदलला की पत्ताही बदलतो. शिवाय प्रत्येक सत्रासाठी पत्त्यात एक लांबलचक यादृच्छिक खूण घालतो, म्हणजे तो पत्ता कोणाला अंदाजाने शोधता येऊ नये. घरच्या वाय-फायचा पासवर्ड शेजारच्या दोन घरांत पोहोचलेला आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

सर्वांत लाजिरवाणी चूक स्लाइडशोची ठरली. बाबांनी त्यांच्या मोबाइलवरून क्रिकेटची मॅच टीव्हीवर लावली, आणि आठव्या सेकंदाला तिच्या जागी अंबाझरी तलावाचा सूर्यास्त अवतरला. त्यांनी मॅच पुन्हा लावली. पुन्हा आठ सेकंद, पुन्हा अंबाझरी. माझी प्रणाली डोळे मिटून दर आठ सेकंदांनी रिसीव्हर उघडत होती आणि ‘लोड’ पाठवत होती. आता प्रत्येक फोटोआधी ती रिसीव्हरची स्थिती विचारते, आपले सत्र तेथे नसेल तर मुकाट्याने थांबते, आणि कोणी पुन्हा बटण दाबेपर्यंत टीव्हीला हात लावत नाही.

डीएलएनएचे काम अर्ध्यावर आहे. येथे शोध २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, १९०० पोर्टवर एसएसडीपी या शोधपद्धतीने होतो, आणि फोटोचा पत्ता टीव्हीच्या एव्हीट्रान्सपोर्ट या फोटो-व्हिडिओ चालवणाऱ्या सेवेला एक्सएमएलच्या पाकिटात दिला जातो. तो घेऊन टीव्ही फोटो आणायला येतो, म्हणजे कास्टसाठी लिहिलेला सर्व्हर जसाच्या तसा उपयोगी पडला. ‘जेपेग लार्ज’ या प्रोफाइलमध्ये ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलपर्यंतचे फोटो बसतात, आणि आमच्या टीव्हीवर रामटेकचे दगड आता दगडासारखे दिसतात. मात्र पुढचा फोटो आधीच सांगून ठेवण्याची आज्ञा या सेवेत ऐच्छिक आहे आणि आमचा टीव्ही ती पाळत नाही, त्यामुळे दोन फोटोंच्या मध्ये फिरते चक्र पाहत बसावे लागते. फाइल दोन एमबीच्या आत ठेवल्यास ते कितपत आवरते, याची मोजणी सुरू आहे. त्यानंतर लॅपटॉप घेऊन इतवारीला जायचे आहे, कारण आजीच्या जुन्या टीव्हीत कास्ट नाही, डीएलएनए तेवढे आहे.