ऐंशी जीबीचं डोकं

मोबाइलवर ‘जागा शिल्लक नाही’ अशी सूचना आली की मला जॉनी आठवतो. १९९५ सालच्या ‘जॉनी निमॉनिक’ या हॉलिवूडपटातला. कियानू रीव्ह्जने रंगवलेला हा जॉनी म्हणजे मेंदूत यंत्र बसवून घेतलेला कुरिअरवाला. लोकांची गुपितं डोक्यात भरायची, दूरदेशी नेऊन उतरवायची. आत काय आहे ते त्याचं त्यालाही ठाऊक नाही. डोक्याची क्षमता ८० जीबी. खटपट करून ती १६० होते, आणि हा गडी खोटं बोलून ३२० भरून घेतो! मग नाकातून रक्त आणि जिवावर बेतलेलं.

कथा घडते २०२१मध्ये. खऱ्याखुऱ्या २०२१मध्ये आपण १२८ जीबी खिशात टाकून मंडईत जात होतो, आणि त्यातली निम्मी जागा नातेवाइकांच्या सुप्रभाताने अडवलेली. तरी हसावं ते जरा जपून. सिनेमा आला त्याच वर्षी १५ ऑगस्टला आपल्याकडे सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू झालं. तेव्हा ८० जीबी हा आकडा अचाटच होता. मला हसू येतं ते फॅक्सचं. डोक्यातल्या माहितीची किल्ली म्हणून टीव्हीवरची तीन चित्रं निवडतात, आणि ती पलीकडे धाडायला फॅक्स! मेंदूत संगणक शिरला तरी फॅक्सचं मशीन काही हटलं नाही.

प्रत्यक्षात गोष्ट उलट्या बाजूने सुरू झाली. जानेवारी २०२४मध्ये इलॉन मस्कच्या न्यूरालिंक कंपनीने पहिल्यांदा माणसाच्या मेंदूत आपलं यंत्र बसवलं, मेंदूतले विजेचे संकेत टिपणाऱ्या १,०२४ इलेक्ट्रोडचं. खांद्यांखाली हालचाल गमावलेला एक तरुण नुसत्या मनाने पडद्यावरचा बाण हलवत बुद्धिबळ खेळू लागला. आत भरलं काहीच नाही. हात हलवायची इच्छा तेवढी बाहेर टिपली. पुढे हे इलेक्ट्रोड असलेल्या काही बारीक तारा मेंदूतून मागे सरकल्या आणि आज्ञावलीत फेरफार करून निभावून न्यावं लागलं. मेंदू म्हणजे काही भिंत नव्हे, खिळा ठोकला की तिथेच राहायला.

जॉनीने जागा केली ती बालपण काढून टाकून. इथे मी अडकतो. मी काय काढलं असतं? वडिलांना औटकी, म्हणजे साडेतिनाचा पाढा, अजून तोंडपाठ आहे. वाण्याचा हिशेब ते त्यावर करतात, कॅल्क्युलेटरच्या आधी. आता तिचं काय काम, पुसून टाका म्हणावं, तर त्या औटकीला गुरुजींची छडी चिकटलेली, छडीला शाळेची गळकी कौलं, कौलांना पावसाळ्यातली सुट्टी. वेगळा फोल्डर कुठे आहे?

आणि ते ३२० जीबी जॉनीने का भरून घेतले? डोक्यातलं यंत्र काढून बालपण परत मिळवायला पैसे हवे होते म्हणून.