बिल्ल्याचे बारा आकडे

शवविच्छेदन झाल्यावर डॉक्टरांनी आमच्या गौरी गाईच्या कानाचा तुकडा बारा आकडी ओळख क्रमांकाच्या बिल्ल्यासकट कापला आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. "ताई, हा जपून ठेवा. विम्याच्या कागदांबरोबर द्यावा लागेल." आदल्या रात्रीपर्यंत ज्या कानामागे खाजवलं की ती मान टाकून उभी राहायची, तोच कान. मी पिशवी पदराखाली धरली आणि सासूबाईंना दिसू दिली नाही.

गौरी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित, तिसऱ्या वेताची. दोन वेळचं मिळून अठरा लिटर दूध द्यायची. ऑगस्टच्या झडीत तिला गोचीड ताप झाला. डॉक्टर त्याला थायलेरिया म्हणतात आणि संकरित गाई त्याला फार लवकर बळी पडतात. चार दिवस उपचार चालले, पाचव्या पहाटे ती गेली. गाय माझ्या नावावर, बँकेच्या कर्जातून घेतलेली, विमा साठ हजारांचा. घरात दोनच दुभती जनावरं होती, त्यातली ही मोठी.

त्या सकाळी एक गोष्ट मी बरोबर केली, ती शेजारच्या भाऊजींनी सांगितली म्हणून. साडेसहाला विमा कंपनीच्या क्रमांकावर फोन केला, तक्रार क्रमांक वहीत लिहिला, गाईचे चारही बाजूंनी फोटो काढले. त्यातला एक बिल्ला स्पष्ट वाचता येईल इतक्या जवळून. कंपनीचा माणूस दुपारी तीनला येऊन गेला, मग जेसीबीने खड्डा काढून चुना-मीठ टाकून तिला पुरली. कागद आठ दिवसांत जमा केले.

नोव्हेंबरात दोन ओळींचं पत्र आलं. पॉलिसीतला टॅग (बिल्ला) क्रमांक आणि मृत जनावराचा टॅग क्रमांक जुळत नाही, सबब दावा नामंजूर.

क्रमांक खरंच जुळत नव्हता. मार्चमध्ये कुंपणाच्या तारेत अडकून गौरीचा कान फाटला आणि पिवळा बिल्ला कुठेतरी पडला. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी दुसऱ्या कानात नवा मारला, रजिस्टरला नोंद केली आणि जनावरांच्या ऑनलाइन नोंदीतही जुन्याच्या जागी नवा क्रमांक चढवला. मला वाटलं, झालं काम. बिल्ला बदलला की विमा कंपनीला लेखी कळवून पॉलिसीवर तशी दुरुस्ती करून घ्यायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कोण? पॉलिसी तर मी पाहिलेलीच नव्हती. मूळ प्रत बँकेत आणि माझ्याकडे हप्ता कापल्याची नोंद असलेलं पासबुक.

म्हणून पहिली लढाई पॉलिसी मिळवण्याची झाली. बँकेत तीन हेलपाटे घातले, दर वेळी "साहेब रजेवर आहेत". चौथ्या वेळी लेखी अर्ज नेला, पोच मागितली, आणि त्याच दिवशी प्रत मिळाली. तेव्हापासून तोंडी विचारणं मी बंद केलं. पॉलिसीला जोडून विमा उतरवतानाचा आरोग्य दाखला होता आणि त्यात गौरीचं वर्णन होतं: अंगाने काळी-बांडी, कपाळावर पांढरा चांद, मागचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, शेपटीचा गोंडा पांढरा, उजवं शिंग खुंटलेलं. शवविच्छेदनाचा अहवाल शेजारी ठेवला. चांद, पाय, गोंडा, शिंग सगळं तेच. एका कागदावर जिवंत गौरी, दुसऱ्यावर मेलेली. मी बराच वेळ तशीच बसले. गाय एकच आहे हे कंपनीच्याच फाइलमध्ये लिहिलेलं होतं, आणि कुणी वाचलं नव्हतं.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला सगळं लिहिलं, तर जुनंच पत्र नव्या तारखेने आलं. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. हे आमच्यातल्या बायकांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहिते: 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. मला मिळालेल्या वकील ताईंनी तासभर ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाद बिल्ल्याचा नाही, ओळखीचा आहे. गाय तीच, एवढंच आपण सिद्ध करायचं."

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात पुढच्या मार्चमध्ये दाखल केली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोन सोयी आहेत, त्या नसत्या तर मी गेलेच नसते. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्य कार्यालय कुठेही असो. आणि दिलेला मोबदला, म्हणजे माझ्या बाबतीत विम्याचा हप्ता, पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. खर्च झाला तो झेरॉक्स, शपथपत्र आणि एसटीचा.

खरी दमछाक डॉक्टरांच्या शपथपत्रासाठी झाली. त्यांची बदली झाली होती. नव्या डॉक्टरांनी रजिस्टरच्या पानाची साक्षांकित प्रत दिली, पण बिल्ला ज्यांनी मारला त्यांचा शब्द हवा होता. सकाळच्या धारा काढून पहिल्या एसटीने निघाले, दोन गाड्या बदलून दुपारी पोचले. ते लसीकरणाला वाडीवर गेले होते. दवाखान्याच्या पायरीवर संध्याकाळपर्यंत बसले. मनात धाकधूक, की सरकारी नोकरीतला माणूस कोर्टाच्या कागदावर सही करेल का. त्यांनी मसुदा दोनदा वाचला आणि स्वतःहून एक वाक्य वाढवलं: 'सदर गाईवर मी स्वतः उपचार केले असून तीच गाय मृत पावल्याचे मी ओळखून सांगतो.' ते वाक्य मी त्यांच्याकडे मागितलं नव्हतं.

कंपनीचं लेखी म्हणणं चव्वेचाळिसाव्या दिवशी आलं. कायदा तीस दिवस देतो, वर जास्तीत जास्त पंधरा. पंचेचाळिसाच्या पुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असं 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ठरवलं आहे. त्या म्हणण्यात नवाच मुद्दा होता: तक्रारदार दुग्धव्यवसाय करते, हेतू व्यापारी आहे, म्हणून ती ग्राहकच नाही. हे वाचून मला जितका राग आला तितका दावा नाकारल्याच्या पत्रानेही आला नव्हता. पहाटे साडेचारला उठून शेण काढणारी बाई व्यापारी? वकील ताईंनी उत्तर शांतपणे लिहिलं. विमा नफा कमावण्यासाठी घेतला जात नाही, नुकसान भरून निघावं म्हणून घेतला जातो, असं 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. तो निकाल जोडला.

तारखा पडत गेल्या. कायद्यात तीन महिन्यांत निकालाचा प्रयत्न करावा असं आहे, माझ्या प्रकरणाला चौदा महिने लागले. एका तारखेला आयोगाच्या अध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून कंपनीच्या वकिलांना विचारलं, खुंटलेल्या उजव्या शिंगाचं काय? ते म्हणाले, सूचना घेऊन सांगतो. पुढच्या तारखेलाही उत्तर आलं नाही.

निकालात साठ हजार, नामंजुरीच्या तारखेपासून सात टक्के व्याज, त्रासापोटी पाच हजार आणि खर्चापोटी तीन हजार मंजूर झाले. बिल्ला बदलल्याचं न कळवणं ही माझ्याकडून राहिलेली त्रुटी आहे, हेही निकालात लिहिलं आहे. पण जनावराची ओळख इतर पुराव्याने पटत असताना तेवढ्यावरून पूर्ण दावा नाकारता येत नाही, असं पुढे म्हटलं आहे. मला दोन्ही वाक्यं मान्य आहेत.

अपिलाची पंचेचाळीस दिवसांची मुदत संपली. अपील नाही, पैसेही नाहीत. मग ग्राहक कायद्याच्या कलम 72 खाली अर्ज केला. आदेश न पाळणाऱ्याला त्यात एक महिना ते तीन वर्षं कैद किंवा किमान पंचवीस हजार दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्या तारखेच्या आत चेक आला. त्यातला मोठा हिस्सा बँकेच्या थकलेल्या कर्जात वळता झाला, उरलेल्यात नवी गाय येणार नव्हती. गोठ्यात गौरीचीच कालवड होती, तिच्यावरच जीव लावला.

गेल्या महिन्यात त्या कालवडीचा बिल्ला कानातून निखळला. डॉक्टरांनी नवा मारला. त्याच दुपारी मी दोन्ही क्रमांक लिहून, फोटो आणि डॉक्टरांचा दाखला जोडून कंपनीला स्पीड पोस्टाने अर्ज पाठवला, एक प्रत बँकेत दिली आणि पोच घेतली. नव्या क्रमांकाची दुरुस्ती बाराव्या दिवशी आली. पॉलिसीची प्रत आता माझ्याकडेच आहे, गोठ्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात, पत्र्याच्या डब्यात.